'गेले' या रकान्यात कोण जातं?

जून उजाडला की मुंबईच्या मैदानी क्लबांत एक कागद निघतो. साधा फुलस्केप, मधे उभी रेघ. रेघेच्या डावीकडे 'आले', उजवीकडे 'गेले'. कांगा लीगच्या आधी कोणाला कुठून उचलला आणि कोण कुठे सटकला, याचा तो हिशोब. अमक्या बँकेचा ओपनर आपल्या तंबूत आला, तमका डावखुरा समोरच्या तंबूत गेला. मग दादरपासून गिरगावपर्यंत चहावर चहा ढोसत चर्चा. कोणाला बॅट मिळाली, कोणाला नोकरीचं गाजर दाखवलं, कोणाचा काका सिलेक्टर आहे. १९४८ पासून ही लीग भर पावसात, चिखलात खेळली जाते. जितकी जुनी लीग तितकीच ही चर्चा जुनी.

मराठीत 'गेला' म्हणजे दुसरीकडे गेला. 'गेला' म्हणजे मेलासुद्धा. आमच्या पोरांच्या बाबतीत क्लबवाले हा शब्द दुसऱ्या अर्थानेच वापरतात. नाव लिहायचं, पुढे 'वैयक्तिक कारण' असं खरडायचं, विषय खल्लास.

यंदा नायगावच्या बीडीडी चाळींतली आमची चार पोरं एका क्लबच्या या रकान्यात गेली. क्लबचं नाव मी लिहीत नाही. एकाचं नाव लिहिलं की बाकीचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि मला कोणालाच सोडायचं नाही. चौघांच्या नावापुढे कारण एकच: वैयक्तिक. च्यायला, चार माणसांना एकाच महिन्यात एकच कारण होतं आणि तरी ते वैयक्तिक?

कारण काय ते मी सांगतो. या चौघांतले दोघे बॉलर. नेटमध्ये दोन-दोन तास बॉलिंग टाकायची. सेक्रेटरीच्या पुतण्याला टाकायची, कॉलेजातून सुट्टीला आलेल्या पोराला टाकायची, पोट सुटलेल्या जुन्या सभासदाला घाम काढायला टाकायची. मग उजेड गेला, चेंडू दिसेनासा झाला की हाक येते, 'अरे, तू पण घे पाच-दहा बॉल.' पॅड तोवर बॅगेत गेलेले. तिसरा कीपर. त्याच्या हातून एकदा झेल सुटला तर स्लिपमधून आवाज आला, 'कोट्यातून आलाय वाटतं.' अख्खी टीम हसली, कप्तानही हसला. चौथा रात्री बारापर्यंत मोटरसायकलवर घरोघरी लोकांचं जेवण पोचवतो. तो सकाळी दहा मिनिटं उशिरा आला की त्याला शिस्तीवर भाषण. गाडीवाला ट्रॅफिकमध्ये अडकला तर 'ट्रॅफिक काय वाढलंय हो!'

कोणी त्यांना शिवू नको म्हणालं नाही. वेगळं बसवलं नाही. काळ बदललाय ना! आता नुसतं आडनाव विचारतात. आडनावावरून कळलं नाही तर गाव. गावावरून कळलं नाही तर 'राहता कुठे?' बीडीडी म्हटलं की विचारणाऱ्याचं समाधान होतं. जात कोणी विचारलेली नसते.

दोस्तांनो, तुम्ही म्हणाल, आपल्यासमोर एवढे प्रश्न पडलेत आणि हा बॅटबॉलवर पानं खर्च करतोय. करतोय. कारण या शहराच्या क्रिकेटचा इतिहास उघडून पाहिला तर त्याच्या पहिल्याच पानावर आपल्यातल्या एका माणसाचं येणं आहे, आणि तिथून थोड्याच अंतरावर त्याच्या भावांचं जाणं. येण्याचे गोडवे सगळे गातात. मला जाण्याबद्दल बोलायचंय.

बाळू पालवणकर. जन्म १८७६ चा. जातीने चांभार, मूळ कोकणातलं पालवण, वडील लष्करात नोकरीला. पोरगा पुण्यात पारशांच्या क्लबात मैदान झाडायचा, रोलर ओढायचा. पगार महिना ३ रुपये. तिथून गोऱ्यांच्या पूना क्लबात गेला, ४ रुपयांवर. बघा, क्लब बदलला तर एक रुपया वाढला. ही त्याची पहिली 'बदली'. तिथे साहेबलोक त्याच्याकडून नेटमध्ये बॉलिंग टाकून घ्यायचे. ग्रेग नावाचा साहेब आउट झाला की त्याला आठ आणे द्यायचा म्हणे. तासन्‌तास डावखुरी फिरकी टाकून टाकून हा माणूस देशातला सर्वांत मोठा बॉलर झाला. पण बॅट त्याच्या हातात कोणी दिली नाही. बॅटिंग हा साहेबांचा मान. बॉलिंग ही चाकरी.

आता वर जाऊन आमच्या दोन बॉलरांचा परिच्छेद पुन्हा वाचा. मधे सव्वाशे-दीडशे वर्षं आहेत.

पुण्यातल्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायचं होतं म्हणून त्यांनी बाळूला संघात घेतलं. उपकार केले नाहीत, विकेटी पाहिजे होत्या. मैदानावर तोच चेंडू ब्राह्मणाच्या हातातून बाळूच्या हातात जायचा, बाळूच्या हातातून ब्राह्मणाच्या. चेंडूला विटाळ नव्हता. चहाची वेळ झाली की मंडळी पॅव्हेलियनमध्ये आणि बाळू बाहेर, त्याचा चहा मातीच्या वेगळ्या भांड्यात. जेवणाचं ताटही वेगळं. सामन्यापुरता हिंदू, चहाला अस्पृश्य.

मग प्लेगच्या दिवसांत तो मुंबईला आला. रेल्वेत नोकरी लागली. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याने त्याला आपल्यात घेतलं, तेव्हाही काही सभासदांनी कुरकुर केली. पण बॉलर असा की कुरकुरणाऱ्यांनाही तो नको म्हणवेना. १९०६ साली हिंदूंनी गोऱ्यांना १०९ धावांनी हरवलं. भाऊ शिवरामही त्या यशात होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजाच्या हाताखाली हिंदुस्थानचा संघ विलायतेला गेला आणि सपाटून हरून आला. त्या दौऱ्यात सगळे सामने मिळून बाळूने ११४ बळी घेतले. पहिल्या दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी पंधराच्या आसपास. आकडे मुद्दाम देतोय. आपल्या माणसाचा मोठेपणा नुसत्या गहिवराने सांगितला की समोरचा 'हो, हो, बिचारा' म्हणतो. आकडा टाकला की गप्प बसतो.

या माणसाला हिंदू संघाचं कप्तानपद एकदाही मिळालं नाही. दर वर्षी नवीन सबब. त्याचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम एव्हाना संघाचे खांब झाले होते.

१९२० साल. चौरंगी सामने. हिंदू, पारशी, मुसलमान आणि गोरे. हिंदूंचे कप्तान पै आजारी पडले. त्यांच्या जागी पुण्याच्या देवधरांना नेमलं. हेच ते देवधर, पुढे ज्यांच्या नावाने करंडक निघाला. आणि बाळूला संघातूनच वगळलं. वयाची चाळिशी उलटली होती, हे खरं. पण कप्तानपद देताना त्याचं वय आड येतं आणि विकेटी काढून घेताना येत नाही, हे कुठलं गणित?

विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले. दोघंही. घरी बसून तोंड लपवलं नाही, 'वैयक्तिक कारण' लिहून दिलं नाही. जाहीर पत्रक काढलं आणि आपण का खेळत नाही ते अख्ख्या मुंबईला सांगितलं. हिंदू संघाने तो सामना त्यांच्याशिवाय खेळला आणि जिंकलासुद्धा. तरी अंतिम सामन्याच्या आधी जिमखान्याला नमावं लागलं. पै परत आले, बाळू उपकप्तान झाला, दोघे भाऊ परत आले. त्या सामन्यात पै मैदानाबाहेर गेले तेवढा वेळ संघ बाळूने चालवला. तेवढाच काय तो त्याचा वाटा. पण १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचा कप्तान झाला आणि त्याच वर्षी त्याने गोऱ्यांना हरवून चौरंगी जिंकली. पुढे १९२५ आणि १९२६ लासुद्धा.

काही लोक याचं श्रेय गांधींच्या अस्पृश्यता निवारणाला देतात. तेव्हा तशी हवा होती, मी नाही म्हणत नाही. पण १९०६ साली बाळू जिंकून देत होता, १९११ साली जिंकून देत होता, तेव्हा हवा कुठे शेण खात होती? जिमखान्याला कप्तानपदाचा विचार करावा लागला तो १९२० नंतर. त्याआधी पंचवीस वर्षं बाळूने नुसतं येऊन, खेळून, जिंकून दाखवलं. त्यातून सत्कार मिळाले, हार मिळाले. अधिकार मिळाला तो दोन भाऊ निघून गेल्यावर.

बाळूच्या १७९ विकेटींपेक्षा त्या दोघांचं जाणं मला मोठं वाटतं. हे वाचून आपल्यातलेच काही जुने खेळाडू माझ्यावर डोळे वटारतील. वटारू देत.

आणि बाळूबद्दल एक गोष्ट आपण दडवून ठेवतो, ती इथे मांडतो. १९३२ च्या पुणे करारावर त्याची सही आहे. १९३७ साली मुंबई कायदेमंडळाच्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरोधात काँग्रेसने कोणाला उभं केलं? बाळू पालवणकरला. मतदारसंघ भायखळा-परळचा, म्हणजे आपलाच गिरणगाव. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूला ११,२२५. दोन हजारांचं अंतर, फार नव्हे. लोकांचं त्याच्यावर प्रेम होतं, आणि काँग्रेसने ते प्रेम बाबासाहेबांवर फेकायला वापरलं. गोऱ्यांना हरवायला त्याची फिरकी वापरली तसंच. यावरून त्याला गद्दार म्हणून मोकळं होणारे आपल्यात आहेत. मी त्यातला नाही. ज्याला आयुष्यभर चहा बाहेर प्यावा लागला त्याला आत बोलावणाऱ्याचं कौतुक वाटलं असेल, हे मला समजू शकतं. पण एवढं दिसतंच की तो एकटा जिमखान्यात शिरला आणि हळूहळू जिमखानाही त्याच्यात शिरला. एकट्याने आत जाण्यात हा धोका असतो. विठ्ठलने आपली कहाणी 'माझे क्रीडा-जीवन' या नावाने १९४८ साली स्वत: मराठीत लिहून ठेवली, हे बरं झालं. नाहीतर तीही दुसऱ्यांनीच सांगितली असती.

मरीन लाइन्सला उतरा आणि समुद्राच्या बाजूने चाला. इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना, पारशी जिमखाना, कॅथलिक जिमखाना. गोऱ्या सरकारने धर्माधर्माला वाटून दिलेल्या जागा. अजून उभ्या आहेत, लग्नाचे हॉल भाड्याने देतात. त्या ओळीत आपल्या नावाची पाटी शोधू नका. आपण कोणाच्या वाट्यात होतो? विकेट पाहिजे तेव्हा हिंदूंच्या.

त्याच हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा एकनाथ सोलकर. आवारातल्या खोलीत वाढला, २७ कसोट्या खेळला, ५३ झेल पकडले. बॅटच्या अंगाखाली उभा राहून पकडलेले झेल, हेल्मेटबिल्मेट काही नाही. त्याच्याबद्दल मला आदरच आहे. पण पेपरवाल्यांना ही गोष्ट का आवडते ते बघा. रोलर ओढणाऱ्याचा पोरगा साहेबांच्या मैदानावर चमकला! एक जण वर आला की त्यांना वाटतं रोलरचं पाप फिटलं. जो म्हणतो मी रोलर ओढणार नाही, ओढायचा असेल तर सगळ्यांनी पाळीपाळीने ओढू, त्याच्यावर कोणी लेख लिहीत नाही. त्याचं नाव फुलस्केपच्या उजव्या बाजूला जातं.

हे आपल्याकडेच आहे असं समजू नका. वेस्ट इंडिजमधल्या त्रिनिदाद बेटावर क्लबांची उतरंड कातडीच्या रंगाने लागलेली होती. क्वीन्स पार्क गोऱ्या मालकांचा. मेपल तपकिरी मध्यमवर्गाचा. शॅनन काळ्या शिक्षक-कारकुनांचा, कॉन्स्टंटाइन तिथला. स्टिंगो सगळ्यांत खालच्या कष्टकऱ्यांचा. सी. एल. आर. जेम्स नावाचा काळा मास्तर. त्याच्यापुढे प्रश्न, मेपल का शॅनन? तो मेपलमध्ये गेला. पुढे १९६३ साली त्याने 'बियाँड अ बाउंडरी' हे पुस्तक लिहिलं आणि त्यात कबूल केलं की या एका निवडीने आपण आपल्या लोकांपासून तुटलो, आपलं राजकीय भान कित्येक वर्षं मागे पडलं. कुठल्या क्लबात जायचं हा राजकीय प्रश्न असतो, एवढं त्या माणसाने लपवाछपवी न करता लिहिलं. आणि हाच जेम्स पुढे 'द नेशन' नावाच्या पत्राचा संपादक झाल्यावर वेस्ट इंडिजचा कप्तान काळा माणूस का नाही म्हणून हात धुऊन मागे लागला. १९६० साली फ्रँक वॉरेल कप्तान झाला. छोट्या पत्राने काय होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

तर आता आपल्या चौघांचं काय?

चाळीत दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, सोडा त्यांचा नाद, आपला स्वत:चा क्लब काढू. बाबासाहेबांच्या नावाने काढू. काढा ना! मी वर्गणी देतो, पहिली पावती माझ्या नावाने फाडा. पण खेळणार कुठे? आझाद, क्रॉस, ओव्हल, शिवाजी पार्क, ही मैदानं म्हणायला सगळ्यांची, त्यावरची पिचं जुन्या क्लबांची. तंबू त्यांचे, रोलर त्यांचा, माळी त्यांचा. नवा क्लब सगळ्यांत खालच्या गटातून वर यायचा, त्यात पोरांची वयं निघून जायची. पूर्वी निदान गिरण्या होत्या, ऑफिसांच्या टीमा होत्या. चांगला खेळणाऱ्याला नोकरी चिकटायची, पोराच्या क्रिकेटवर घर चालायचं. १९८२ च्या संपानंतर लालबाग-परळच्या गिरण्या एकेक करत गेल्या, त्या जागेवर टॉवर आले, मॉल आले. 'आले' आणि 'गेले'चा हाही एक कागद आहे, पण तो कुठल्या नोटीसबोर्डावर लागला नाही. आता क्लबच्या वाटेने नोकरी मिळणं कठीण झालंय आणि कीट मात्र हजारोंत गेलंय. म्हणून म्हणतो, स्वत:चा क्लब काढायचा तो जरूर काढा, पण आहे त्या मैदानावरचा हक्क सोडून देऊन नको.

दुसरा तट म्हणतो, गप्प राहा, नाव खराब होईल, पुढच्या पोरांना कुठलाच क्लब घेणार नाही. हे मी पंचवीस वर्षांपूर्वीही ऐकलंय. मी दादरच्या एका क्लबातून सहा हंगामांनंतर बाहेर पडलो. कप्तानाने मला कधी चौथ्या क्रमांकाच्या वर बॉलिंगला आणलं नाही, आणि मी विचारलं तर उत्तर, 'तू आहेस ना टीममध्ये? मग?' यादीत माझ्या नावापुढे त्यांनी लिहिलं, 'नोकरीमुळे'. तेव्हा मला नोकरीच नव्हती. माझ्यानंतर तिथे आपली किती पोरं आली आणि गेली ते मला मोजता येईल, पण का गेली ते त्यांच्या कुठल्याही वहीत सापडणार नाही. नाव खराब व्हायला आधी ते कुठेतरी लिहिलेलं लागतं.

या दोन्ही तटांना माझं एकच म्हणणं आहे. जा, पण पालवणकरांसारखे जा. सांगून, लिहून, बरोबरीने. आणि परत यायची अट त्याच कागदावर लिहून जा. नेटमध्ये जो बॉलिंग टाकेल त्याला तेवढीच बॅटिंग. कोट्याचा विनोद करणारा एक सामना बाहेर. किटची बॅग सगळ्यांना सारखी खुली. एवढंच मागायचंय. यात क्रांतीबिंती काही नाही, असं म्हणून नाकं मुरडणारे विद्वान आपल्याकडे आहेत. त्यांनी एकदा उन्हात दोन तास बॉलिंग टाकून मग अंधारात पाच बॉल खेळून बघावेत.

येत्या रविवारी सकाळी अकराला चौघे चाळीच्या वाचनालयात बसणार आहेत. क्लबच्या फॉर्मवर कारणासाठी बोटभर जागा ठेवलेली असते. त्यांना सांगितलंय, वेगळा कागद जोडा. नेटच्या तारखा घाला, कोणत्या दिवशी किती ओव्हर टाकल्या आणि किती चेंडू खेळायला मिळाले ते आकडे घाला. तो विनोद कोणत्या सामन्यात झाला, कोण हसलं ते लिहा. चार पत्रं नकोत, एकच पत्र, खाली सह्या. एक प्रत सेक्रेटरीला, एक मुंबई क्रिकेट असोसिएशनला, एक इकडे छापायला. त्या क्लबात आपली आणखी दोन पोरं आहेत, पहिल्या अकरांत खेळणारी, यंदा कुणी काढून न टाकलेली. त्या दोघांनाही बोलावलंय. एक येतो म्हणालाय. दुसऱ्याने अजून काही कळवलेलं नाही.